गुंजन शिकवण्याआधी काय शिकावे लागते



या सत्रात प्रार्थनेनंतरच्या सात मिनिटांत नादावर आधारित प्राणायाम आणि ध्यान घ्यावे असे आम्ही ठरवले आहे. ते सुरू होईल मात्र दिवाळीनंतर, कारण आधी आमच्या तीन शिक्षकांना ते शिकवायला शिकायचे आहे. पालक सभेत एका विश्वस्तांनी यावर सरळ विचारले, "तोंड मिटून 'म्' म्हणायचे, त्यात शिकण्यासारखे काय आहे? दोन दिवसांचे शिबिर पुरे." प्रश्न रास्त आहे. शाळेचा पैसा आणि शिक्षकांचा वेळ यात जाणार, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

आपल्याकडे नादाचे दोन प्रकार मानतात. आघाताने निघतो तो आहत आणि आघाताशिवाय असतो तो अनाहत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यातही हा भेद आरंभीच येतो. गायकाचे काम आहत नादाशी, तर योगी आहताला धरून अनाहताकडे जाऊ पाहतो. म्हणजे एकात आवाज काढायचा असतो, दुसऱ्यात ऐकायचा असतो, आणि शिकवणाऱ्याला दोन्ही यावे लागते.

भ्रामरी प्राणायामाचेच पाहा. स्वात्मारामांच्या 'हठयोगप्रदीपिके'त श्वास घेताना आणि सोडताना भुंग्यासारखा नाद करायला सांगितले आहे. 'घेरण्डसंहिते'त तेच नाव आहे, पण कृती वेगळी. तिथे मध्यरात्री, जिथे जीवजंतूचाही आवाज नाही अशा जागी, हातांनी कान मिटून आतले नाद ऐकायचे आहेत. आज शिबिरांतून शिकवतात ती भ्रामरी या दोन्हींची मिळून झालेली आहे: कान बंद, आणि श्वास सोडताना गुंजन. मुलांसाठी ती सोयीची आहे आणि आम्हीही तीच घेणार आहोत. पण गुंजन थांबल्यावरची जी शांतता, ती बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते. शिक्षक लगेच "आता पुन्हा" म्हणतो आणि ध्यान व्हायचे तिथेच राहून जाते. ओंकाराचे विवेचन करणारे माण्डूक्य उपनिषद अवघ्या 12 मंत्रांचे आहे. त्यात अ, उ, म् या तीन मात्रांनंतर चौथा भाग सांगितला आहे तो मात्रा नसलेला. आमच्या मते सात मिनिटांतली निदान तीन या शांततेची असली पाहिजेत.

आता कृती. पाठ ताठ, पण आखडलेली नको. ओठ मिटलेले आणि आत दात एकमेकांपासून थोडे सुटे. दात घट्ट आवळले की जबडा ताणतो आणि कंपन गळ्यातच अडकते. कानाच्या भोकापुढे जो लहानसा मऊ उंचवटा असतो तो बोटाने अलगद दाबायचा. बोट कानात घालायचे नाही, हे मुलांना दहादा सांगावे लागणार. श्वास नाकाने घ्यायचा आणि तो रोखून न धरता गुंजन करत सोडायचा. पाच आवृत्त्या पुरेत.

इतके वाचून कोणीही करू शकेल. अडचण येते ती पंचेचाळीस मुलांच्या वर्गात. शिक्षकाने आपल्या पट्टीत सूर दिला की सगळी मुले त्या सुराशी जुळवायला धडपडतात आणि गुंजनाचे समूहगान होऊन बसते. सातवी-आठवीच्या कक्षांत मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना तर तो सूर लागतच नाही. मग ती लाजून गप्प बसतात किंवा हसतात. इथे प्रत्येकाने आपल्याला सोपा वाटेल तोच सूर धरायचा असतो. वर्ग बेसूर वाटला तरी चालेल. संगीत शिक्षकाला हे सहन करायला शिकावे लागते (आमच्या संगीत शिक्षकांनी हे हसत मान्य केले आहे). दुसरी गोष्ट श्वासाची. कोण लांब खेचतो याची मुलांमध्ये लगेच शर्यत लागते आणि गुंजन संपताच धाप लागून श्वास घेतला जातो. तो धापेचा आवाज कानावर पडताच लांबी कमी करायला सांगणे, हे कसब पुस्तकातून येत नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा पहिला भाग कानाचा ठेवला आहे, आणि त्यासाठी ग्वाल्हेरसारखे दुसरे गाव नाही. शाळेचा जुना तानपुरा दुरुस्त करून घेतला आहे. शिक्षक रोज वीस मिनिटे तो ऐकतील, गाणार नाहीत. खर्जाची तार आणि तिची जवारी नीट लागली की तिच्यातून गांधार ऐकू येतो, जो कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. तो काही अनाहत नाद नव्हे, तारेच्या कंपनातलाच एक अंश आहे. पण पहिल्या दिवशी तो ऐकू येत नाही आणि काही दिवसांनी येतो, हा अनुभव शिक्षकाला हवा. ज्याचे स्वतःचे ऐकणे सूक्ष्म झालेले नाही, तो मुलांना "आत ऐका" असे कशाच्या आधारावर सांगणार?

विज्ञानाच्या नावाने बरेच काही सांगितले जाते, त्यात निवड करायला हवी. 2002 साली स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की शांतपणे श्वास सोडण्यापेक्षा गुंजन करताना नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण सुमारे 15 पट होते, कारण कंपनामुळे नाकाभोवतालच्या पोकळ्यांतली हवा हलते. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हेही शरीरशास्त्रात पक्के आहे. गुंजनाने उच्छ्वास लांबतो आणि मन निवते ते बरेचसे यामुळे. यावरून स्मरणशक्ती दुप्पट होते किंवा गणितात गुण वाढतात असे मुळीच सिद्ध होत नाही. आमचा एकही शिक्षक तसे सांगणार नाही. लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे मूळचे बडोद्याजवळच्या डभोईचे. त्यांनी योगक्रिया क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या यंत्रांनी तपासायला सुरुवात केली. तीच शिस्त आम्हाला योग्य वाटते.

काही पालकांनी धर्माचा प्रश्न विचारला. आमच्या शाळेत मराठी घरांबरोबर इतर भाषांची आणि इतर धर्मांची मुलेही आहेत. गुंजनात कोणतेही नाव, मंत्र किंवा देवता नाही, म्हणून वर्गात आम्ही तेच निवडले. ओंकार कोणाला घरी म्हणायचा असेल तर आनंदच आहे. 2001 साली इटलीतील संशोधकांनी 23 निरोगी प्रौढांवर एक प्रयोग केला होता. लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि 'ओम् मणि पद्मे हुम्' म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. ज्या मुलाच्या घरून नको असे कळेल, ते त्या वेळात शांत बसेल. त्याची कोणीही चौकशी करणार नाही.

राहिला शिबिराचा प्रश्न. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची पहिल्या पायरीची परीक्षासुद्धा सुमारे 200 तासांच्या अभ्यासक्रमावर बेतलेली आहे, आणि त्यात आसने, शरीरशास्त्र, अध्यापन असे सारेच येते. दोन दिवसांत प्रमाणपत्र मिळेल, शिक्षक मिळणार नाही. आमचे तिन्ही शिक्षक छमाही परीक्षेपर्यंत रोज स्वतः अभ्यास करतील, नंतर एकमेकांवर आणि मग दहा-दहा मुलांच्या गटावर शिकवून पाहतील. संपूर्ण वर्ग त्यानंतर. यासाठी प्रत्येकाचा रोजचा एक तास वेळापत्रकातून मोकळा करावा लागेल आणि त्याला विश्वस्त मंडळाची संमती हवी आहे.

पालकांना एक विनंती. ज्या मुलांचा कान वाहतो किंवा दुखतो, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, अपस्मार किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांची माहिती वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावी. सर्दीने नाक चोंदले असेल त्या दिवशी मुलाने फक्त बसून ऐकावे. कान न दाबता, इतरांचे गुंजन डोळे मिटून ऐकणे हाही अभ्यासच आहे आणि हजेरीत तो तसाच धरला जाईल.