पर्यावरण-शिक्षकाची घडण

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूरजवळून वाहते आणि नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. तिच्या काठी गावे वाढली, कारखाने निघाले. त्यांचे सांडपाणी तिच्यातच येऊ लागले. २०१२ साली तिच्याच काठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली व माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, की असे रोग पसरतात. नदीचे दुखणे माणसाचे दुखणे व्हावयास वेळ लागत नाही. हे नाते लोकांना उमगेल अशा रीतीने जो समजावून देतो, तो पर्यावरण-शिक्षक होय.

असा शिक्षक केवळ पुस्तके वाचून घडत नाही. त्याला प्रथम पाहावयास शिकावे लागते. रंकाळ्यावर जलपर्णी पसरलेली कोल्हापूरकरांनी अनेकदा पाहिली आहे. नवख्याला ती हिरवीगार शोभा वाटेल. परंतु शिकलेली दृष्टी विचारते, “ही येथे इतकी का माजली?” दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर पोसते. म्हणजे ती शोभा नसून तळ्याच्या दुखण्याचे लक्षण आहे.

दुसरा धडा मोजण्याचा. २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरास सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. पाण्यातील घाण कुजविणारे जीवाणू तो वापरून टाकतात. तो फार घटला, की मासे गुदमरून मरतात. म्हणून मेलेले मासे दिसताच, “कोणीतरी विष सोडले!” अशी आरोळी हा विद्यार्थी ठोकीत नाही. तो पाण्याचा नमुना घेतो, तपमान व प्राणवायू मोजतो आणि स्थळ, तारीख व वेळ वहीत टिपून ठेवतो. पुरावा हाती येईपर्यंत जीभ आवरणे, हा या शिक्षणातील मोठा संयम आहे.

तिसरा धडा बोलण्याचा; आणि तोच सर्वांत कठीण. प्लास्टरच्या गणेशमूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाहीत, हे खरे. परंतु ज्या घरी भक्तिभावाने आरती झाली, त्या घरी जाऊन “तुम्ही नदी नासवता” असे म्हटले, तर कोण ऐकेल? शहाणा शिक्षक श्रद्धेचा उपहास करीत नाही. मूर्ती शाडूची असावी, विसर्जन कुंडात करावे, असे तो विनयाने सुचवितो. कोल्हापुरात मूर्तिदानाची चाल पडली, तीत अशा समजावणीचा मोठा वाटा आहे. मात्र उत्सव थोडे दिवसांचा आणि सांडपाणी बारमाही, हेही तो लपवीत नाही. सोयीचे तेवढेच सत्य सांगणारा शिक्षक लोकांचा विश्वास गमावतो.

या विद्येचे रीतसर शिक्षणही मिळते. १९७७ साली तिबिलिसी येथे अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन तिची उद्दिष्टे ठरविली. अहमदाबादेत १९८४ साली पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झाले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरणाचे शिक्षण देण्याविषयी निर्देश दिले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही पर्यावरणशास्त्र शिकविले जाते. तथापि पदवी मिळाली म्हणून शिक्षण संपत नाही. नदी दर ऋतूत पालटते. तिच्या शिक्षकाला दर ऋतूत पुन्हा काठावर जावे लागते.

मुलांनो, या शिक्षणाचा आरंभ तुम्हांलाही करता येईल. आपल्या गावचा ओढा वा तळे वडीलधाऱ्यांसोबत दर महिन्यास पाहा. पाण्याचा रंग, वास, काठावरचे पक्षी यांची नोंद करा. वर्षअखेर ती वही घरच्यांना वाचून दाखवा. ती ऐकून कोणी “असे का झाले?” असे विचारले, तर समजा, तुमच्या शिकविण्यास आरंभ झाला.