कापडाची पारख करणारा माणूस

बाजारातून तयार शर्ट आणताना आपण काय पाहतो? रंग, माप, शिलाई आणि शेवटी किंमत. आपल्या आजी मात्र आधी कापड पाहत. इरकल लुगडे घ्यायचे तर पदर उजेडात नेऊन बघत, काठ ओढून बघत, बोट ओले करून रंग सुटतो का तेही तपासत. गुळेदगुड्डचा खण चोळीसाठी निवडताना दुकानदाराला तासभर बसवून ठेवीत. तयार कपड्यांच्या जमान्यात ही पारख आपल्या हातून सुटली आहे. पण ती कोणाला तरी करावीच लागते. कपड्यांच्या कारखान्यात हे काम ज्याच्याकडे असते त्याला ‘फॅब्रिक मॅनेजर’ म्हणतात.

माझा मावसभाऊ गेली अनेक वर्षे हेच काम करतो. तो हैदराबादला तारनाक्यात राहतो. उस्मानिया विद्यापीठ तिथून अगदी जवळ आहे. विद्यापीठात काही काम निघाले की माझा मुक्काम त्याच्याकडे ठरलेला. ‘तारनाका’ हे नाव आपल्या कानाला परके वाटत नाही, आणि त्याचे घरही तसेच आहे. मावशी कन्नडात बोलते, तो मराठीत उत्तर देतो, वहिनी दोन्ही भाषांत रागावते आणि कामवाल्या बाईशी सगळे मिळून तेलुगू बोलतात. सीमाभागातल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

मावशीला आपल्या मुलाचे काम बरेच दिवस कळत नव्हते. “नी एन केलसा माडतीयो?” असे ती विचारायची. तो सांगायचा, “अरिवी नोडतीनी, अव्वा.” म्हणजे कापड बघतो. “कापड बघायचा पगार देतात?” हा तिचा पुढचा प्रश्न असे.

बघणे म्हणजे काय?

मलाही हा प्रश्न होताच. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून त्याने मला आधी हिशेब सांगितला. कपड्याच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापडाचा असतो. समजा वीस हजार शर्टांची ऑर्डर आहे आणि प्रत्येकाला दीड मीटर कापड लागते. एकूण तीस हजार मीटर झाले. कापडाचा पन्हा आणि कटिंगची मांडणी नीट जुळवून एका शर्टामागे पाच सेंटीमीटर वाचवले, तर हजार मीटर वाचतात. दर मीटरला दीडशे रुपये धरले तर दीड लाख रुपये. उलट पाच सेंटीमीटर जादा गेले तर तेवढाच तोटा.

हा झाला पैशाचा भाग. दुसरा भाग तपासणीचा. ताग्यातले दोष मोजायला जगभर ‘फोर पॉइंट’ पद्धत वापरतात. दोष तीन इंचांपर्यंत असेल तर १ गुण, सहा इंचांपर्यंत २, नऊ इंचांपर्यंत ३ आणि त्याहून मोठा असेल तर ४ गुण. इथे गुण वाढले की माल नापास! साधारणपणे शंभर चौरस यार्डांत ४० गुणांपर्यंत माल चालवून घेतात. कापडाचे वजन पाहायचे तर शंभर चौरस सेंटीमीटरची गोल चकती कापून तोलतात आणि आकड्याला शंभराने गुणतात. त्याला ‘जीएसएम’ म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. मग धुऊन आकसणे पाहायचे. सत्तर सेंटीमीटर लांबीचा शर्ट पाच टक्के आकसला तर साडेतीन सेंटीमीटर गेले, आणि गिऱ्हाईक म्हणते की माप चुकले. टी-शर्टचे विणीचे कापड ताणून गुंडाळलेले असते. ते उलगडून काही तास मोकळे ठेवावे लागते. तसे न करता कापले तर ते नंतर आपोआप आखडते.

सगळ्यात अवघड असतो रंग. रंगाऱ्याने एकाच सूत्राने रंगवलेले दोन लॉटही तंतोतंत सारखे येत नाहीत. म्हणून प्रत्येक ताग्याचा तुकडा कापून शेजारी शेजारी ठेवतात आणि एका खास पेटीत वेगवेगळ्या दिव्यांखाली बघतात. ‘डी ६५’ हा दिवसाच्या उजेडासारखा, ‘टीएल ८४’ हा दुकानातल्या ट्यूबसारखा. एका दिव्याखाली सारखे दिसणारे दोन तुकडे दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. आपल्या आजी लुगडे दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघत, त्यामागचे शास्त्र हेच.

सही कोणाची?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट त्याने मला सांगितली. तो ज्या कारखान्यात होता त्याचे नाव इथे देत नाही. गडद निळ्या कोट-पँटची परदेशी ऑर्डर होती. गिरणीने कापड आठ दिवस उशिरा पाठवले. पाच लॉट आले, त्यांतले दोन दुकानाच्या दिव्याखाली ठीक होते, पण दिवसाच्या उजेडात किंचित तांबूस दिसत होते. कटिंगचे टेबल रिकामे, शिलाईच्या ओळी थांबलेल्या. वरून निरोप आला, “एवढा फरक कोणाला कळतो? सही करून टाका.”

त्याने तीन लॉट पास केले आणि एका कोट-पँटचे दोन्ही भाग एकाच लॉटमधून कापायला लावले. उरलेले दोन लॉट गिरणीला परत पाठवले. अर्धा माल वेळेवर जहाजाने गेला. उरलेला पुन्हा रंगवून येईपर्यंत उशीर झाला आणि तो विमानाने पाठवावा लागला. विमानाचे भाडे जहाजापेक्षा कितीतरी जास्त. ऑर्डर परत आली नाही, कोणाची तक्रार आली नाही. पण भाड्याचा आकडा त्याच्या नावावर मांडला गेला आणि त्या वर्षी त्याची पगारवाढ थांबली.

मी विचारले, “तू भांडला नाहीस?” तो म्हणाला, “अक्का, विमानाचं बिल दाखवता येतं. परत न आलेल्या मालाचं बिल कुठून दाखवू?”

त्याला पगारवाढीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली होती. उरलेला माल पुरा करायला शिलाईवरच्या बायकांना कित्येक दिवस उशिरापर्यंत थांबावे लागले. जादा वेळेचा मोबदला कायद्याने दुप्पट दराने मिळायला हवा, पण मोबदला मिळाला तरी घरी वाट पाहणाऱ्या लेकरांना त्याचे काय? कापडाला आठ दिवस उशीर केला गिरणीने. ते आठ दिवस शेवटी भरून काढले मशीनवरच्या बाईने. हे सांगताना तो खाली बघत होता.

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार गेले, हे वाचकांना आठवत असेल. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना आत जायला लावले गेले. माल वेळेत गेला पाहिजे हे दडपण केवढे असते, ते त्या घटनेने जगाला दाखवले. आपल्याकडच्या साध्या कारखान्यात इमारत पडत नाही. पण दडपण उतरते ते त्याच दिशेने, वरून खाली.

तीन गिरण्या, तीन भाषा

खरे तर हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला महबूबशाही, नांदेडला उस्मानशाही आणि वरंगळला आझमजाही अशा कापड गिरण्या होत्या. आझमजाही १९३४ साली सुरू झाली. एक गिरणी कन्नड मुलखात, एक मराठी, एक तेलुगू. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत त्या तीन राज्यांत विभागल्या गेल्या आणि पुढे एकेक करून बंद पडल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम मित्र’ योजनेखाली सात मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानांच्या जागा जाहीर केल्या. त्यांत कर्नाटकातून कलबुर्गी आणि तेलंगणातून वरंगळ आहे, महाराष्ट्रातून अमरावती. म्हणजे जुन्या तीन गावांपैकी दोन पुन्हा यादीत आली. ही उद्याने जोम धरतील तेव्हा सूत, रंग आणि कापड समजणारी माणसे लागतीलच. ती आपल्या घरांतली असतील का?

हा प्रश्न तारनाक्याच्या त्या घरात आत्ताच उभा आहे. भाची बारावीला आहे. तिला इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये वस्त्र अभियांत्रिकीला जायचे आहे. वहिनी म्हणतात, “बापाचं काय झालं ते बघितलं ना? कॉम्प्युटरला जा.” मावशी नातीच्या बाजूने आहे. भाऊ गप्प असतो. त्याला विचारले तर एवढेच म्हणतो, “काम चांगलं आहे. पण नाही म्हणायची सवय आधी लावून घे.”

मला वाटते, वहिनींची काळजी खोटी नाही आणि मुलीची ओढही खोटी नाही. हे काम शिकण्याजोगे आहे. गणित लागते, रसायन लागते, डोळा लागतो, आणि आपल्यासारख्या दोन-तीन भाषा सहज बोलणाऱ्यांना तर ते अधिक सोपे जाते. रंगारी एका भाषेत बोलतो, शिंपी दुसऱ्या आणि गिऱ्हाईक तिसऱ्या! पण मुलामुलींना या वाटेला पाठवताना पालकांनी पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी. जिथे सहीची जबाबदारी दिली जाते, तिथे सही नाकारण्याचा अधिकारही दिला जातो का? मुलाखतीला गेलेल्या मुलाने हे विचारले तर कोणी रागावेल, कोणी हसेल. जो नीट उत्तर देईल त्याच्याकडे कामाला लागावे.

आणि आपणही पुढच्या वेळी शर्ट घेताना तो दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघावा. दुकानदार थांबेल.