प्रबळगडामागचा चंद्र एवढा मोठा का?

कोजागिरीच्या संध्याकाळी पनवेलच्या एखाद्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहा. प्रबळगड-माथेरानच्या रांगेमागून चंद्र वर येतो तो परातीएवढा! मध्यरात्री मसाला दूध चांदण्यात ठेवता तेव्हा तोच चंद्र जवळपास डोक्यावर असतो आणि बारका वाटतो. सहा तासांत आकसला की काय?

मुळीच नाही. हात लांब करून चिमटीत तुरीच्या डाळीचा एक दाणा धरा. उगवतीचा चंद्र त्याच्याआड जवळजवळ लपतो, माथ्यावरचाही तसाच. दोन्ही वेळा तो आकाशात अर्ध्या अंशाएवढीच जागा घेतो. दोष हवेलाही देऊ नका. ती चंद्राला तांबूस करते, किंचित चपटा करते. मोठा करत नाही.

उलट पृथ्वी फिरता फिरता मध्यरात्री पनवेलला चंद्राच्या समोर आणते. उगवताना तो आपल्यापासून सहा हजारांच्या आसपास किलोमीटर जास्त लांब असतो. त्याच्या सरासरी 3,84,000 किलोमीटर अंतरापुढे हा फरक दीडेक टक्क्याचा. म्हणजे ज्याला पाहून आपण ‘केवढा मोठा!’ म्हणतो, तोच खरं तर लहान दिसायला हवा.

मग फसवतं कोण? अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने बोट दाखवलं ते आपल्या मनाकडे. 1962 मध्ये लॉइड कॉफमन आणि आयर्विन रॉक या मानसशास्त्रज्ञांनी कृत्रिम चंद्र दाखवून प्रयोग केले. समोरची जमीन झाकली की क्षितिजावरचा चंद्र मोठा वाटेनासा झाला. त्यांचं म्हणणं असं : मधली झाडं, घरं, डोंगर यांमुळे मेंदू क्षितिज फार लांब धरतो, आणि एवढ्या लांबूनही जे इतकं दिसतं ते मोठंच असणार, असा हिशेब करतो. पण गंमत अशी, की उगवता चंद्र ‘लांब’ वाटतो का, असं विचारलं तर बरेच जण ‘छे, जवळ वाटतो’ म्हणतात! अंतराळवीरांसमोर ना झाडं ना डोंगर, तरी त्यांनाही हा भास होतो. चंद्रावर माणूस पोचला, तरी या भासाचा वाद मिटलेला नाही.

प्रबळगड पनवेलहून सरळ रेषेत साधारण 12 किलोमीटर. तिथून चंद्राची तबकडी गडाचा शंभरेक मीटरचाच तुकडा झाकते. दुप्पट लांब वाशीला गेलात तर गड निम्मा दिसतो, चंद्र मात्र तेवढाच. तिथून तो दोनशे मीटर झाकतो. गडामागे अजस्र चंद्र दाखवणारे फोटो असेच लांबून, मोठ्या लेन्सने काढलेले असतात. ती लबाडी नव्हे, भूमिती आहे.

यंदा कोजागिरीला कागदाची नळी करून उगवता चंद्र तिच्यातून पाहा, म्हणजे डोंगर दिसणार नाही. नळी नसेल तर ओणवं होऊन पायांमधून बघा. शेजारी हसतील, पण चंद्र लहान झालेला वाटेल.