जाळे कापणारे मच्छीमार

समुद्रातील दुर्मीळ जीवांच्या रक्षणाचा विचार करताना आपली दृष्टी त्या जीवाकडे जाते. ज्याच्या जाळ्यात तो सापडतो, त्या माणसाकडे सहसा जात नाही. परंतु लहान होडीवर पोट भरणारा मच्छीमार आणि नष्ट होऊ पाहणारा शार्क या दोघांचे हित एकत्र पाहिल्यावाचून शार्कचे रक्षण होत नाही. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावरील अनुभव हेच सांगतो.

कोकण किनाऱ्यावर शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. बांगडा किंवा सुरमई यांची मादी लक्षावधी अंडी घालते. त्यामुळे त्यांची संख्या तुलनेने लवकर सावरू शकते. मुशीचे तसे नाही. ती उशिरा वयात येते आणि बहुतेक जातींत एका वेळी थोडीच पिल्ले होतात. म्हणून वयात आलेली एक मादी गेली, तरी ती हानी भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

व्हेल शार्क हा याच कुळातला, जगातील सर्वांत मोठा मासा. आकाराने प्रचंड असूनही तो पाणी गाळून त्यातील सूक्ष्म व लहान जीव खातो आणि स्वभावाने शांत असतो. सौराष्ट्राजवळ येणाऱ्या या माशाची १९९०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. त्याला गळ टोचून रिकामी पिंपे बांधीत. त्यामुळे तो खोल जाऊ शकत नसे व दमून जाई. यावरूनच तेथे त्याचे नाव ‘बॅरल’ पडले. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावीत आणि मांस परदेशी जाई. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही शिकार जगापुढे आणली. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. असे संरक्षण मिळालेला हा भारतातील पहिला मासा होय.

कायद्याने शिकार थांबविता येते. जाळ्याला मात्र कायदा कळत नाही. इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात व्हेल शार्क गुरफटला, तर त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल. ते कापणे म्हणजे पुढील कित्येक दिवसांची कमाई गमावणे.

ही अडचण ओळखून दोन दिशांनी प्रयत्न झाले. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया व गुजरात वन विभाग यांच्या सहभागाने मोहीम सुरू झाली. कथाकार मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि ‘बॅरल’ची ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाली. दुसरीकडे, कापलेल्या जाळ्याची भरपाई शासनाकडून मिळू लागली. पुढे मच्छीमारांना कॅमेरे देण्यात आले. सुटकेचे छायाचित्र हाच पुरावा ठरल्याने अधिकारी येईपर्यंत मासा अडकवून ठेवण्याची गरज उरली नाही. वेरावळ व आसपासच्या बंदरांतील मच्छीमारांनी आजवर शेकडो व्हेल शार्क स्वहस्ते मुक्त केले आहेत.

महाराष्ट्रानेही २०१८च्या अखेरीस अशीच योजना आखली. संरक्षित सागरी जीव सोडविताना जाळ्याचे नुकसान झाल्यास कांदळवन कक्षामार्फत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तीत तरतूद आहे.

तरीही प्रश्न संपलेला नाही. सर्वच मुशी संरक्षित नाहीत. लहान मुशी बाजारात विकली जाते आणि मोरीचे मटण कोकणात आवडीने खाल्ले जाते. तिच्या बाबतीत उपाय वेगळे आहेत : जाळे पाण्यात कमी वेळ ठेवणे, ते वरचेवर तपासणे, जिवंत पिल्ले परत सोडणे आणि ज्या उथळ पाण्यात मुशी पिल्ले घालते तेथे त्या हंगामात जाळे न टाकणे. मात्र यातील प्रत्येक उपायाने त्या दिवसाची मिळकत थोडी घटते. तो भार एकट्या होडीवाल्याच्या माथी टाकला, तर उपाय कागदावरच राहतात.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सौराष्ट्रातील मच्छीमारांच्या मनात या माशाविषयी ममता जागली, आणि त्या ममतेची किंमत त्यांच्या लेकराबाळांना मोजावी लागू नये, याची व्यवस्थाही समाजाने केली. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून मच्छीमारांचे हात जाळे कापण्यासाठी पुढे आले.