मांजर, बुलबुलाचं घरटं आणि आपला वाटा

मार्च लागला की निगडी-प्राधिकरणातल्या बंगल्यांच्या बागांत, मोशी-चिखलीच्या नव्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांत आणि चाकण एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या कुंपणालगतच्या झुडपांत बुलबुलांची घरटी दिसू लागतात. कधी टांगलेल्या कुंडीत, कधी बोगनवेलीत, बहुतेकदा माणसाचा हात सहज पोचेल एवढ्याच उंचीवर. अंडी दोन किंवा तीन. ती उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लांना घरटं सोडायला आणखी 12-13 दिवस. या महिन्याभरात बरीच घरटी रिकामी होतात. मग ते घरटं रोज कौतुकानं पाहणाऱ्या घरातच दोन तट पडतात. एक म्हणतो, त्या मांजराला आधी हाकला. दुसरा म्हणतो, निसर्गाचा नियम आहे, आपण मध्ये पडू नये. दोघांचीही कळकळ खरी असते, पण दोघांचंही म्हणणं चुकीच्या समजुतींवर उभं आहे.

"पोटभर खाऊ घातलं की मांजर शिकार करत नाही"

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. मांजराची भूक आणि मांजराची शिकार या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरं आवडीचं अन्न खात असताना समोर जिवंत उंदीर सोडला गेला. मांजरांनी खाणं थांबवलं, उंदीर मारला आणि पुन्हा आपल्या ताटलीकडे वळली. यात नवल काही नाही. दबा धरून बसणाऱ्या प्राण्याच्या दहा झडपांपैकी बऱ्याच फुकट जातात. भूक लागेपर्यंत थांबायचं असं ठरवणारं रानमांजर उपाशीच मरेल. म्हणून हालचाल दिसली की अंग दबतं, कान पुढे येतात, आणि हे पोट भरलेलं असतानाही होतं.

तरीही काय खाऊ घालतो याला महत्त्व आहेच, आणि इथे आपल्या घरातल्या दूध-पोळीचा विचार करायला हवा. पुण्या-चिंचवडकडच्या असंख्य घरांत मांजराला प्रेमानं दूध-पोळी किंवा दूध-भात कालवून देतात. शाकाहारी घरात तर दुसरं काही सुचतही नाही. पण मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते मांस-मासळीत असतं, गव्हात नसतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 साली लक्षात आलं. पुढे 1987 साली हृदयाच्या स्नायूंवरचा परिणामही सिद्ध झाला. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही. म्हणजे दूध-पोळीवरचं मांजर भुकेलं नसलं तरी कुपोषित असू शकतं.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठानं 2021 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे फार उपयोगाचा आहे. बाहेर हिंडणाऱ्या पाळीव मांजरांना मांसातली प्रथिनं भरपूर असलेलं, धान्य नसलेलं खाद्य दिल्यावर त्यांनी घरी आणलेल्या शिकारीत 36 टक्के घट झाली. रोज फक्त 5 ते 10 मिनिटं पिसाच्या किंवा दोरीच्या खेळण्यामागे पळवलं तर 25 टक्के घट झाली. घरात मांसमच्छी शिजवायची नसेल तर मांसयुक्त तयार खाद्य मिळतं. दुधाच्या वाटीपेक्षा ते मांजरासाठीही बरं आणि बुलबुलासाठीही.

याला लागूनच दुसरी समजूत आहे: "आमचं मांजर पक्षी मारत नाही, कधी आणलेला पाहिला नाही." अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून केलेल्या अभ्यासात दिसलं, की मारलेल्या प्राण्यांपैकी जेमतेम पाव भाग घरी आणला गेला. निम्मे जागेवरच टाकून दिले, उरलेले खाल्ले. त्या शिकारीत सर्वांत जास्त संख्या सरड्यांसारख्या प्राण्यांची होती, ही गोष्टही मांजराच्या बाजूनं सांगायला हवी.

"मांजर क्रूर आहे, खेळवून खेळवून मारतं"

अर्धमेल्या पक्ष्याला मांजर सोडतं, पुन्हा पकडतं, पंजानं उडवतं. हे पाहणं असह्य असतं. चार्ल्स डार्विनसारखा माणूसही यानं अस्वस्थ झाला होता. मे 1860 मध्ये आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यानं जिवंत अळीच्या अंगात वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीबरोबर उंदराशी खेळणाऱ्या मांजराचा उल्लेख केला. दयाळू ईश्वरानं हे मुद्दाम असं घडवलं असेल, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं.

पण त्या खेळामागे कारण आहे. मांजराचा प्राणघातक चावा मानेवर बसावा लागतो आणि त्यासाठी तोंड शिकारीजवळ न्यावं लागतं. उंदीर चावतो, साळुंकी चोच मारते. एक डोळा गेला तर शिकारी प्राणी संपला. म्हणून आधी दमवणं. 1979 सालच्या एका अभ्यासात आढळलं, की मांजर जितकं भुकेलं तितकं ते लवकर मारतं, आणि भक्ष्य जितकं मोठं तितकं जास्त वेळ खेळवतं. समोरच्याला यातना व्हाव्यात असा हेतू त्यात नाही. यातना मात्र होतात, आणि त्या खोट्या म्हणून झटकून टाकणंही मला मान्य नाही.

घरटी लुटणारं मांजर एकटंही नाही. ज्याचं दर्शन आपण शुभ मानतो तो भारद्वाज दुसऱ्यांची अंडी आणि पिल्लं खातो. कावळा खातो, धामण झाडावर चढून खाते, मुंगूस खातो, शिक्रा उडत्या पिल्लावर झडप घालतो. खुद्द बुलबुलाची जोडी आपल्या पिल्लांना दिवसभर अळ्या आणि किडे भरवत असते. एक जोडी काही वर्षांत अनेकदा घरटी करते, आणि त्या सगळ्या पिल्लांतून सरासरी दोनच मोठी होऊन वीण करणारी झाली तरी बुलबुलांची संख्या टिकून राहते. बाकीची जाणार हे त्या हिशेबातच धरलेलं आहे. आपल्या खिडकीतलं एक घरटं पाहताना हा हिशेब निष्ठुर वाटतो, कारण तो आहेच निष्ठुर.

"मांजरानं पक्षी मारणं हा निसर्गाचाच समतोल"

हे वाक्य समजूतदारपणाचं वाटतं, आणि मला ते सगळ्यात जास्त खटकतं. शिक्र्याची संख्या भक्ष्यावर ठरते. पक्षी कमी झाले की त्याची पिल्लं कमी जगतात, आणि पक्ष्यांना उसंत मिळते. मांजराचं तसं नाही. त्याचं पोट बुलबुलावर अवलंबूनच नसतं. कारखान्यांच्या कँटीनमागचं उष्टं, मटण-मासळीच्या दुकानांबाहेरचे तुकडे, सोसायटीच्या कचऱ्याच्या पेट्या, प्रेमळ माणसांनी ठेवलेल्या वाट्या यांवर मांजरं वाढतात. पक्षी घटले तरी ती घटत नाहीत.

त्यातून हा प्राणी मूळचा इथला नव्हे. पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजरापासून आलं. पश्चिम आशियात धान्याच्या कोठारांभोवती ते माणसाजवळ आलं, आणि सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा पुरावा सापडला आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे तिथल्या आणि जुन्नरमधल्या उसाच्या फडांत खरी देशी मांजरं आजही राहतात: रानमांजर, आणि जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक असलेली, दीड किलोच्या आसपासची वाघाटी. जुन्नर भागात ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं सापडतात, तेव्हा वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी ती आईकडे परत पोचवण्याची खटपट करतात. अशी पिल्लं दिसली तर उचलून घरी आणू नयेत. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.

दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही नको. अमेरिकेत मांजरं वर्षाला 1.3 ते 4 अब्ज पक्षी मारतात, असा 2013 सालचा अंदाज सगळीकडे फिरत असतो. तो अमेरिकेचा आहे आणि त्यातली बहुतेक शिकार बेवारशी मांजरांची आहे. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरचा न उडणारा इवला पक्षी दीपगृह-रक्षकाच्या एकट्या मांजरानं नामशेष केला, ही गोष्टही अपुरी आहे. 1890 च्या दशकात त्या बेटावर मांजरं अनेक झाली होती, आणि मांजर कधी न पाहिलेल्या पक्ष्याला पळणंच ठाऊक नव्हतं. आपल्या बुलबुलाचे पूर्वज लाखो वर्षं रानमांजर, मुंगूस आणि सापांच्या सोबतीनं जगले आहेत. मांजरामुळे बुलबुल किंवा चिमणी या भागातून नाहीशी होईल, असं म्हणायला आधार नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2020 सालचा अहवाल सांगतो, की देशभरात चिमणी बरीचशी स्थिर आहे. घट दिसली ती मुंबईसह सहा महानगरांत. मोशीच्या माळावर उघड्या जमिनीत अंडी घालणाऱ्या टिटवीला खरा धोका आहे तो तो माळच प्लॉट पाडून संपण्याचा. पण माळ आधीच तुकड्या-तुकड्यांत उरला असताना त्या तुकड्यावर खाऊपिऊ घातलेली दहा मांजरं सोडणं, याला समतोल म्हणता येणार नाही.

"मांजरं पकडून लांब सोडली की प्रश्न मिटला"

मिटत नाही. कँटीनचं उष्टं तसंच राहिलं तर दुसरी मांजरं येतात. ती न आल्यास उंदीर-घुशी येतात, आणि त्याही अंडी खातात. न्यूझीलंडच्या लिटल बॅरियर बेटावरून 1980 साली मांजरं संपवली, तेव्हा कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याची वीण सुधारण्याऐवजी ढासळली, कारण उंदीर मोकळे सुटले. 2004 साली उंदीर काढल्यावरच ती सावरली. मांजराला अन्नपाण्यावाचून हाल होतील असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि ठार मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली येतं. खरा उपाय नसबंदी. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षात दोन-तीन वेळा. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत कुत्र्यांबरोबर मांजरांचाही समावेश झाला आहे. ज्या सोसायटीत मांजरांना खाऊ घालणारे लोक आहेत, तिथे त्यांनीच यासाठी वर्गणीची वही पहिल्यांदा उघडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

"गळ्यात घुंगरू बांधलं की झालं"

एक्सेटरच्या त्याच अभ्यासात घुंगरानं ठाम फरक पडलेला दिसला नाही. आणि ज्याला उडताच येत नाही त्या पिल्लानं आवाज ऐकून जायचं कुठे? झाडाच्या खोडाला हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळणं, उन्हाळ्यात पाण्याचं भांडं झुडपाखाली न ठेवता उघड्यावर उंच ठेवणं, हे जास्त कामाचं.

"रक्त दिसत नाही, म्हणजे पिल्लू वाचलं"

मांजराच्या तोंडून सोडवलेलं पिल्लू धडधाकट वाटतं आणि दोन दिवसांत मरतं. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात, जखम पिसांखाली झाकली जाते, आणि मांजराच्या लाळेतला पाश्चुरेला हा जिवाणू पक्ष्याच्या रक्तात झपाट्यानं पसरतो. हा जिवाणू पेनिसिलिन गटाच्या औषधांना बहुधा दाद देतो. ज्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाचं पेनिसिलिन तयार होऊ लागलं, तिथल्या लोकांना हे औषध काही परकं नाही. पण मात्रा पशुवैद्यानंच ठरवायची, घरातल्या गोळीचा तुकडा भरवायचा नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून काही तासांत पक्षी दवाखान्यात न्यावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

मांजरानं न धरलेलं, पिसं फुटलेलं, जमिनीवर फुदकणारं पिल्लू मात्र अनाथ नसतं. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप काही दिवस त्यांना जमिनीजवळच भरवतात. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. उचलून जवळच्या दाट फांदीवर ठेवावं, आपण लांब व्हावं, आणि पुढचे चार-पाच दिवस आपलं मांजर घरात कोंडावं. ते दारापाशी ओरडेल. तेव्हा त्याच्याशी दहा मिनिटं दोरी घेऊन खेळावं.