कमांडो होण्याची वाट, आणि त्यानंतरची

लष्करातल्या खास दलाची वाट कठीण असली तरी नीट आखलेली आहे. जवान आधी भरती होतो, मग पॅरा एसएफसाठी स्वतःहून नाव देतो आणि निवडीच्या महिन्यांत बहुतेकजण गळतात. जे तगतात त्यांना मरून टोपी आणि पुढे बलिदान बिल्ला मिळतो. मराठी माणसाला हे जग परकं नाही. २१ पॅरा ही मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण, आणि १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात हुतात्मा झालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक त्याच २१ पॅराचे.

गोंदिया जिल्ह्यात मात्र कमांडो व्हायची दुसरी वाट आहे, आणि ती पोलीस मैदानातून जाते. त्यामागचा हिशेब साधा आहे. २०२२ पासून अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्केच पुढे कायम होणार. पोलीस शिपाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत राहतो आणि घरापासून फार लांब जात नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या धान उत्पादक घरात हा फरक मोठा असतो.

पहिली पायरी आकड्यांची. उंची १६५ सेंटिमीटर. मैदानी चाचणीचे ५० गुण : १६०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवले तरच पूर्ण वीस. ज्यांना राज्य राखीव पोलीस दल हवं त्यांना १६८ सेंटिमीटर उंची लागते आणि पाच किलोमीटर धावावं लागतं. या दलाचा पंधरावा गट गोंदियाजवळ बिर्सीला आहे. मैदान आणि लेखी परीक्षा पार झाल्यावर नऊ महिन्यांचं मूलभूत प्रशिक्षण, आणि त्यानंतर कुठे सी-६० या नक्षलविरोधी कमांडो पथकाचं दार दिसतं.

या पथकाची सुरुवात १९९० साली शेजारच्या गडचिरोलीत झाली. तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातलेच साठ जवान निवडले. नाव त्या आकड्यावरून पडलं. १९९४ मध्ये प्राणहिता उपमुख्यालयात दुसरा विभाग उभा राहिला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा बालाघाट आणि राजनांदगावच्या जंगलाला लागून असल्याने इथंही सी-६० आली.

रघुवंशींची निवड साधी पण दूरदर्शी होती. बाहेरून आणलेला जवान कितीही दणकट असला, तरी त्याला गावकऱ्याशी गोंडी किंवा छत्तीसगढीत बोलता येत नाही. कुठला नाला पावसाळ्यात उतरता येत नाही, हेही त्याला ठाऊक नसतं. स्थानिक पोराला हे उपजत माहीत असतं. बाकीचं शिकवता येतं, आणि ते शिकायला जवान नागपूरजवळच्या सुराबर्डीच्या प्रशिक्षण केंद्रात, हैदराबादच्या ग्रेहाउंड्स या नक्षलविरोधी दलाकडे, कांकेरच्या जंगलयुद्ध महाविद्यालयात आणि मानेसरला एनएसजीकडे जातात. तुकडीला ‘पार्टी’ म्हणतात आणि ती कमांडरच्या नावाने ओळखली जाते. पार्टी पाठीवर शिधा घेऊन रात्री पायी चालते, कारण रस्त्यात नक्षल्यांचा भूसुरुंग असू शकतो. रस्त्यानं गाडीतून जाण्याची किंमत १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतल्या जांभुळखेड्यात दिसली : शीघ्र प्रतिसाद पथकाचे पंधरा जवान आणि गाडीचा चालक एकाच स्फोटात गेले.

इथवरची वाट चांगली बांधलेली आहे. पुढची अवघड आहे. ग्रेहाउंड्समध्ये जवान ठरावीक काळ येतो आणि मूळ पोलीस दलात परततो, एनएसजीतही तेच. सी-६० चा जवान जिल्ह्याचाच असतो, त्यामुळे परतायची जागा आणि लढायची जागा एकच. पराक्रमाला वेगवर्धित पदोन्नती आहे, नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणी आहे. पण ज्याच्या वाट्याला चकमक आलीच नाही, तो वर्षानुवर्षं अभियान करूनही सेवाज्येष्ठतेच्याच रांगेत उभा राहतो. त्याचं कौशल्य कागदावर कुठंच मोजलं जात नाही.

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीतल्या मर्दिनटोल्याच्या चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. माओवाद्यांच्या ज्या एमएमसी (महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड) विभागात गोंदिया मोडतो, त्याचा तो प्रमुख होता. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. ज्या लढाईसाठी हे पथक बनलं ती ओसरत चालली आहे, आणि चाळिशीकडे झुकलेल्या कमांडोपुढे वीस वर्षांची नोकरी उरली आहे.

त्याला पुन्हा ठाण्यातल्या पहाऱ्यावर बसवणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागडी चूक ठरेल. सुराबर्डीत त्याला प्रशिक्षक नेमता येईल. सीमाभागातल्या गावांत आणि दुर्गम दूरक्षेत्रांवर, जिथं गोंडी बोलणारा अधिकारी क्वचितच मिळतो, तिथं तो दुवा होऊ शकतो. पण त्यासाठी जंगलातली वर्षं बढतीच्या हिशेबात धरावी लागतील. भरतीच्या मैदानावर सेकंद मोजणाऱ्या यंत्रणेला एवढं मोजणं अवघड नाही.