भोंगा अवेळी वाजला तर शिवारात काय करायचं?
आणीबाणीच्या रंगीत तालमीत गावाचा वाटा



चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे या पट्ट्यात आता शेताच्या बांधाला लागून कारखान्याची भिंत आहे. अलीकडे कांद्याचे वाफे आणि पलीकडे पत्र्याची शेड, असे चित्र गावोगाव दिसते. पाळी सुटताना वाजणारा भोंगा पोराबाळांच्याही ओळखीचा झाला आहे. पण एखाद्या दिवशी तोच भोंगा अवेळी वाजला, थांबून थांबून वाजत राहिला, तर? आतल्या कामगाराला कुठे जमायचे ते ठाऊक असते. भिंतीच्या अलीकडे खुरपणीला बसलेल्या बाईला ते कुणी सांगितले आहे का?

वायूची गळती किंवा मोठी आग झाली असे समजून आधीच सगळी धावपळ करून बघायची, तिला रंगीत तालीम म्हणतात. मॉक ड्रिल हा शब्दही आता रुळला आहे. बऱ्याच गावांत समज असा, की हा कारखान्याच्या आतला मामला, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो नियमात लिहिलेला आहे.

भोपाळची गोष्ट जुन्या माणसांना आठवत असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. थंडीची रात्र होती, वायू जमिनीलगत पसरला. कोणता वायू आहे, कुठल्या दिशेला जायचे, तोंडावर काय धरायचे, हे शेजारच्या वस्तीला कधी सांगितलेलेच नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात बदल झाला. १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे घातक माल ठराविक प्रमाणापेक्षा जास्त ठेवणाऱ्या कारखान्याने कुंपणाच्या आतली तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायची असते. कुंपणाबाहेरच्या आराखड्याची तालीम वर्षातून एकदा व्हावी लागते, आणि ती जबाबदारी शासनाच्या अधिकाऱ्यांवर असते. आजूबाजूच्या लोकांना धोका काय आणि काळजी काय घ्यायची हे सांगणेही बंधनकारक आहे.

१९९६ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली. जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक संकट गट आणि औद्योगिक भागाला एक स्थानिक संकट गट नेमला. या स्थानिक गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस, गटविकास अधिकारी, डॉक्टर असतात आणि त्याबरोबर सरपंच किंवा गावच्या पुढाऱ्यालाही जागा आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारा, की आपल्या भागातून त्या गटावर कोण आहे आणि मागची तालीम कधी झाली.

तारापूरला कसे करतात

कुंपणाबाहेरची आखणी फार काटेकोरपणे होते ती अणुवीज केंद्राभोवती. आपल्या राज्यात असे केंद्र पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी तारापूरला आहे. १९६९ साली सुरू झालेले हे देशातले पहिले अणुवीज केंद्र. चाकणपासून ते दीडशे किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे त्याची भीती बाळगायचे आपल्याला कारण नाही. पण त्यांची रीत शिकण्यासारखी आहे.

केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा मुलूख आखणीत धरतात आणि त्याच्या भाकरीच्या तुकड्यांसारख्या १६ फाका पाडतात. गळती झाली तर सगळ्या मुलखात एकदम पळापळ करायची नाही. वारा ज्या फाकेवर वाहतो ती फाक आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या फाका आधी धरायच्या. केंद्राच्या आत लहानमोठ्या तालमी वरचेवर होतात; गावांसकट मोठी तालीम दोन वर्षांतून एकदा होते. तिचे नेतृत्व जिल्हाधिकारी करतात. केंद्राच्या लोकांनी माहिती द्यायची आणि हुकूम महसूल खात्याने काढायचा, अशी वाटणी आहे. लोकांना द्यायचे हुकूमही ठरलेले असतात: घरात थांबा, दारे-खिडक्या लावा, सांगितल्यावरच आयोडीनची गोळी घ्या, सांगितल्यावरच गाव सोडा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग वैरणीचा आहे. १९८६ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल केंद्राचा स्फोट झाला, तेव्हा किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या पोटात गेले आणि दुधातून मुलांच्या अंगात गेले. पुढे मुलांना गळ्यातल्या ग्रंथीचा कर्करोग झाला. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, म्हणजे जनावरांना काही आठवडे झाकलेली जुनी वैरण घातली असती तर पुष्कळ टळले असते. २०११ साली जपानात फुकुशिमाला अपघात झाला. तिथे उघड्यावर राहिलेला भाताचा पेंढा जनावरांना घातला गेला आणि मांसात किरणोत्सर्गी द्रव्य सापडले. गंजीवर टाकलेल्या एका ताडपत्रीने काय फरक पडतो, ते यावरून कळते. वायू असो की कारखान्याच्या आगीची काजळी असो, वैरण आणि पाण्याचा हौद झाकायची सवय आपल्याकडेही लागली पाहिजे.

आपल्या पट्ट्यातला धोका कोणता?

आपल्याकडे अणुभट्टी नाही. आपल्याकडे क्लोरीन आहे, अमोनिया आहे, स्वयंपाकाच्या गॅसचे टँकर आहेत. क्लोरीन काही फक्त मोठ्या कारखान्यातच असतो असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन गळला आणि पोहायला आलेल्या माणसांना दवाखान्यात न्यावे लागले. त्याच महिन्यात ताथवड्याला रात्रीच्या वेळी टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना स्फोट झाले. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाज्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागून अनेक कामगार स्त्रिया गेल्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तालीम होते ती नोंदलेल्या कारखान्याची. गावठाणातल्या भाड्याच्या गाळ्यात काय साठवले आहे हे साहेबाच्या कागदावर नसते, ते गावालाच ठाऊक असते. आणि ते गाळे बांधलेले असतात आपल्याच जमिनीवर, भाडेही आपणच घेतो! भाडे ठरवताना आत काय ठेवणार आणि परवाना कसला आहे हे विचारायला लाजू नका.

वायूवायूचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून तालीम कोणत्या वायूची हे आधी कळले पाहिजे. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. तो ओढ्यात, चरात, विहिरीत उतरतो. त्यापासून पळायचे ते उंचावर. अमोनिया शीतगृहात असतो. बटाटा ठेवायला जाणाऱ्यांना त्याचा झणका माहीत आहे. तो तसा हलका, पण एकदम सुटला की थंड धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो. ओले फडके तोंडा-नाकाशी धरले तर या दोन्हींत थोडा आधार मिळतो. डोळे चुरचुरले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवत राहायचे. स्वयंपाकाचा गॅसही जड, सखल जागी साचतो, आणि त्याला फक्त ठिणगी हवी असते. वास आला तर मोटारीचा स्टार्टर दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका; दोन्ही वेळा आत ठिणगी पडते. ट्रॅक्टर, फटफटी जिथल्या तिथे ठेवून पायी निघा.

दिशेचा नियम एकच. गळतीकडून वारा तुमच्या अंगावर येत असेल तर वाऱ्याला आडवे चाला. वाऱ्याबरोबर पळाल तर वायूही बरोबरच येतो. वारा कसा ओळखायचा हे शेतकऱ्याला शिकवायला नको, मूठभर माती उडवली की कळते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, पण हिवाळ्यात पहाटे तो पडलेला असतो. ओढ्यावर धुके साचते ना, जड वायूही तसाच त्याच जागी साचून राहतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी केलेल्या तालमीवर विसंबून हिवाळ्यातली पहाट निभावत नाही.

आखणी करताना

तालमीची बैठक बोलावली की साहेब लोक नकाशा पसरतात. त्या नकाशावर रस्ते असतात, कारखाने असतात. मळ्यातली वस्ती, धनगराचा वाडा, ऊसतोडीची खोपटी, वीटभट्टीवरची पाले नसतात. ती दाखवायला गावाचा माणूस पाहिजे. पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांनी वाडीवार एक वही करावी. घर कोणाचे, अंथरुणावर कोण आहे, बाळंतीण कोण आहे, दावणीला जनावरे किती, हे तिच्यात लिहावे.

वेळेबद्दल आग्रह धरा. सकाळी अकरा वाजता, पाहुणे आल्यावर केलेली तालीम छान दिसते, पण त्या वेळी सगळे जागे आणि सगळे साहेब हजर असतात. अडचण पडते ती धारेच्या वेळी, किंवा रात्रीची वीज आल्यावर माणूस एकटा पाणी धरत असताना. एक तालीम तरी दिवेलागणीनंतर मागून घ्या. पाळी सुटताना तळेगाव चौकात गाड्यांची जी कोंडी होते, तिच्यातून रुग्णवाहिका कशी निघणार, तेही तेव्हाच कळेल.

निरोप कसा पोचणार हे सगळ्यात आधी ठरवावे. भोंगा वाऱ्याच्या उलट दिशेला ऐकू येत नाही. मोबाईल खोपीत राहिलेला असतो. देवळावरचा कर्णा, दूध डेअरीची माणसे, शाळेची घंटा आणि वाडीला नेमलेला एक एक फटफटीवाला, अशी साखळी बांधता येते. धोक्याचा भोंगा कोणता आणि धोका टळल्याचा कोणता, हे कारखान्याकडून लिहून घ्या आणि चावडीवर लावा. तालमीच्या आदल्या दिवशी दवंडी किंवा कर्णा फिरवून ‘ही तालीम आहे’ असे सांगायलाच हवे, नाहीतर धावपळीत एखादे म्हातारे माणूस पडायचे. निरोपाची सुरुवात आणि शेवटही ‘ही तालीम आहे’ याच शब्दांनी करावा.

जनावरांचे काय, हा प्रश्न बैठकीत कुणी काढत नाही, तो तुम्ही काढा. आपला माणूस गाय दावणीला सोडून निघत नाही, हे आखणी करणाऱ्यांनी धरून चालले पाहिजे. वेळ असेल तर दावी सोडून जनावरे वाऱ्याला आडवी हाकावीत. वायू गोठ्यापर्यंत आला असेल तर माणसाने माघारी जाऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टरही तालमीला बोलवा.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी बटालियन आपल्याच शेजारी सुदुंबऱ्याला आहे. वायूच्या आणि किरणोत्सर्गाच्या अपघाताचेही शिक्षण त्या जवानांना असते. मोठ्या तालमीला त्यांना बोलवावे असे ग्रामपंचायतीने तहसीलदारांना लेखी कळवायला हरकत नाही. मात्र ते येईपर्यंतची पहिली पंधरा-वीस मिनिटे गावाचीच असतात.

रस्त्यावर टँकर उलटला तर जवळ जाऊन बघू नका. लांबूनच त्याच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक वाचा आणि ११२ ला फोन करून सांगा. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. भंगारात तीन पात्यांची खूण असलेला जड डबा आला तर हात लावू नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत अशाच भंगारातल्या किरणोत्सर्गी कोबाल्टने एक माणूस दगावला. तो डबा तसाच राहू द्या, माणसांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.

तालमीच्या दिवशी गावातले चार जाणते तरुण नुसते घड्याळ घेऊन चार ठिकाणी उभे करा. त्यांनी धावायचे नाही. भोंगा कधी ऐकू आला, ऐकू आला का नाही, निरोप कुणी आणला, शेवटचे घर किती वाजता हलले, एवढेच लिहायचे. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे अधिकारी आणि तहसीलदार यांच्यासमोर ते कागद वाचावेत. सगळे ठाकठीक झाले असे कागदात आले तर तालीम सोपी घेतली असे समजावे आणि पुढची रात्री मागावी. निरोप पोचला नाही अशी वस्ती निघाली तर तिथे कर्णा कोण बसवणार, खर्च कोणाचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्या नोंदीची एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवा आणि पोच घ्या. खरोखर अपघात होऊन माणसाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या वेळी पंचनाम्याबरोबर ही जुनी नोंदही जोडावी.